काशीबाईचा बिननाडीचा परकर

बांद्याच्या बाजारपेठेत सुगंधामावशीचं दुकान सापडायला पाटी लागत नाही. पाटी होती, ती एका वर्षीच्या पुरात तेरेखोल नदीने गोव्याला नेली, आणि मावशीने नवी केली नाही. दारात आडव्या दांडीला परकर टांगलेले असतात. मोरपंखी, आमसुली, पोपटी. वारा आला की सगळे एकदम फुगतात, आणि अनोळखी माणसाला वाटतं, पाच-सहा जाड बायका दुकानातून तरंगत बाहेर पडताहेत.

मावशी ब्लाऊज शिवते, फॉल लावते, शाळेचे गणवेश उसवून मोठे करते. पण तिचं नाव झालं ते परकरावर. सहा कळ्यांचा, पायात न अडकणारा आणि धुऊन धुऊन साडीच्या आधी न मरणारा परकर. कागदावर नमुना काढून कापड कापणं तिला जमत नाही, आणि जमत नाही हे तिने अजून कबूल केलेलं नाही. वालावलला, माहेरी, तळ्याकाठच्या एका घराच्या पडवीत ती शिवण शिकली. शिकवणाऱ्या बाईंकडे कागद नव्हता. वाण्याकडून पुड्यांना येई तेवढाच, आणि तो चुलीला लागायचा. तेव्हा कापडाची चौघडी, खडूची रेघ आणि कात्री. एका हाताने कापड दाबायचं, दुसऱ्याने कापायचं, आणि मधेच तळ्यावर बगळा उतरला म्हणून मान वर केली तर बाई फूटपट्टी हाणायच्या. मावशीला अजूनही कापताना बाहेर बघवत नाही.

माप घ्यायचीसुद्धा भानगड नव्हती. बायका मापाचा परकर आणायच्या. "ह्याच्यासारखो शिव," म्हणून जुना ठेवायच्या, नवा घेऊन जायच्या. कुणाच्या कमरेला टेप लावायची पद्धत नव्हती. लावला असता तर अर्ध्या बायका परत आल्या नसत्या. बाळंतपणं झाली, कमरा वाढल्या, आजारपणं आली, कमरा आटल्या. नाडी सगळं सांभाळून घ्यायची.

शहाऐंशी साली लग्न होऊन मावशी बांद्यात आली, तेव्हा तिचं मशीन एसटीच्या टपावर होतं. ते पडेल या धास्तीने सबंध रस्ता ती खिडकीतून मान बाहेर काढून वर बघत आली. सासरच्यांना वाटलं, नवी सून मानेत वाकडी आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी डोक्यावर सोलांची, म्हणजे वाळवलेल्या कोकमांची, पाटी घेतलेली एक बाई ओट्याशी थांबली. पाटी न उतरवताच तिने काखेतली पिशवी पुढे केली.

"नवीन इलंस मां? मशीन घेऊन इलंस म्हणान ऐकलंय. हो परकर घे, ह्याच्यासारखो शिव. नाडी घट्ट रवाक होयी. माका दिवसभर उठबस आसा."

ती काशीबाई. बांद्यातलं मावशीचं पहिलं गिऱ्हाईक. तेव्हापासून दरवर्षी चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, आधी एक आणि शिमग्याच्या आधी एक, असे दोन परकर ठरलेले.

ते दिवस मावशीला आठवतात ते मशीनच्या आवाजासकट. चवथीला पंधरा दिवस राहिले की ओट्यावर बायकांची रांग लागायची. कुणाला जांभळी साडी नेसायची तर जांभळाच परकर हवा, आणि कापडवाल्याकडचं जांभळं तर आधीच्या बाईने नेलेलं. मग त्या दोघींची जुंपायची, मधे मशीन चालू राहायचं, आणि काशीबाई कोपऱ्यात पाय पसरून बसून दोन्ही बाजूंना मुद्दे पुरवायची. आता तयार परकर प्लॅस्टिकच्या पिशवीत मिळतात. रांग गेली. भांडणंही गेली, आणि मावशीला खरी चुटपुट भांडणांची आहे.

गेल्या पावसाळ्यात काशीबाईच्या कमरेला नाडीच्या जागी जखम झाली. रोज साडी नेसणाऱ्या प्रत्येक बाईला तिथे एक काळा पट्टा असतोच. त्याचं कुणाला काही वाटत नाही. काशीबाईचा पट्टा चिरला, मग चिघळला. सावंतवाडीच्या डॉक्टरांनी बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. आठ दिवस घरात कुणाचं जेवणात लक्ष नव्हतं. मग निरोप आला, तसलं काही नाही. यथावकाश जखम भरली. पण डॉक्टरांनी बजावलं, या जागेवर पुन्हा आयुष्यात काही आवळायचं नाही. नाडी नको, इलॅस्टिक नको, लुगड्याची गाठसुद्धा नको. गाऊन घाला आजी, सुटसुटीत असतो.

काशीबाईने गाऊन घातला आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणं बंद केलं.

गाऊन घालून बाजारात बसणाऱ्या बायका नाहीत असं नाही. वर टॉवेल टाकून मासेसुद्धा विकतात. पण काशीबाईच्या मते गाऊन हा दुखणेकऱ्याचा कपडा, आणि दुखणेकरी बाईच्या हातची सोलां कोण घेणार? पन्नास वर्षं ती आठवडा बाजाराला एकाच ठिकाणी बसली. पिंपळाच्या पाराची खालची पायरी. पुढ्यात सोलां, तिरफळं, कोकमाच्या आगळाच्या बाटल्या. बाजारातली जागा कुणाच्या नावावर नसते. जो बसतो त्याची. काशीबाई बसेनाशी झाली तसा शेजारचा बादलीवाला तिकडे सरकला. आधी त्याने नुसते प्लॅस्टिकचे मग ठेवले. मग मगांना सोबत म्हणून बादल्या.

हे सगळं मावशीला सांगितलं ते सलोनीने, काशीबाईच्या नातसुनेने. सलोनी पोरगी गुणाची. तिने मोबाईलवर शोधून साडीखाली घालायचा लवचीक कापडाचा एक तयार परकर मागवला होता, नाडी नसलेला. तो घालून बघायच्या दिवशी मावशीलाही बोलावलं.

मावशी पोचली तेव्हा काशीबाई खोलीच्या मधोमध उभी होती. वर ब्लाऊज, खाली काळा चकचकीत परकर, कमरेपासून घोट्यापर्यंत अंगाला चिकटलेला.

"सुगंधा, बघ गो. सलोनीन माका माशाची शेपटी लावल्यान."

"आजी, आता सगळ्याजणी हाच घालतात," सलोनी म्हणाली. "ह्येका नाडी नाय, काय नाय."

"घालतत ती लोकां उभी रवतत. माका बसाचा आसा."

आणि हे दाखवायला ती बाजारातल्यासारखी पाटावर बसायला गेली. निम्म्या वाटेत परकराने गुडघे धरले. खाली जाता येईना, वर येता येईना. दोघींनी बगलेत हात घालून तिला सरळ केली. सलोनीला हसू आवरेना, काशीबाईही हसली. मग परकर काढून, गाऊन चढवून खाटेवर टेकल्यावर ती हलक्या आवाजात म्हणाली,

"शिमग्याआधीच्या बाजाराक मी बसलंय नाय, तर तो बादलीवालो थयच रवतलो. आणि मी हय."

"मी शिवतंय," मावशी म्हणाली. तोंडातून गेल्यावर तिच्या लक्षात आलं, नाडीशिवाय परकर आपण आयुष्यात शिवलेला नाही, आणि बाजाराला नऊ दिवस उरलेत.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून तिने अडीच मीटर कापड आणलं. लायक्रा घातलेलं होजियरी, वांगी रंगाचं. या जातीच्या कापडाला ती जन्मभर बनियनचं कापड म्हणत आली होती, आणि म्हणताना नाक मुरडत आली होती. कापलं की त्याच्या कडा गुंडाळतात. खडूची रेघ मारावी तर ते रेघेबरोबर पुढे सरकतं. धरावं तर लांबतं, सोडावं तर आखडतं. पॉपलीनसारखं सांगितलेलं ऐकत नाही.

"ह्यात काय आसा?" भाईंनी पिशवीकडे बघून विचारलं. भाई म्हणजे मावशीचे यजमान. इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर त्यांची हयात गेली, त्यामुळे घरात शिरणारी कुठलीही पिशवी उघडल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही.

"काशीकाकीचो परकर."

"नाडी खंय?"

"नाय."

भाईंनी पिशवी बंद केली. संशयास्पद मालाकडे बघायची त्यांची एक नजर आहे, तिने मावशीकडे बघितलं, आणि ते पेपर वाचायला गेले.

मावशीने काशीबाईचा मापाचा परकर जमिनीवर पसरला, त्यावर वांगी कापडाची चौघडी ठेवली, आणि हात चालतो तशी कापत गेली. वरच्या बाजूला वीतभर रुंद दुहेरी पट्टा. नाडी जिथे एका रेघेत आवळते, तिथे हा पट्टा वीतभर पसरून धरेल, असा हिशोब. दोन्ही बाजूंना शिवणीत दोन-दोन बोटं माया सोडली. कुणी सांगायला लागत नाही. माया सोडल्याशिवाय तिची कात्री चालतच नाही. पुढेमागे अंग सुटलं तर उसवून वाढवता यावं.

शिवून झाल्यावर तिने भाईंना हाक मारली. भाईंच्या पोटाचा घेर आणि तो मापाचा परकर यांचं माप एकच आहे, हे दोघांच्या संसारात पहिल्यांदाच उघड झालं. लेंग्यावरून परकर चढवून भाई उभे राहिले. दोन पावलं चालले. भिंतीवरचं कॅलेंडर बघायला टाचा उचलल्या, आणि परकर सरसरत घोट्यांशी जाऊन बसला.

"तपासणी पुरी झाली," भाई खाली बघून म्हणाले. "गाडी रिकामी."

मावशी हसली नाही. एरवी आठ दिवस पुरवून हसली असती. ती परकर घेऊन मशीनशी बसली, उलटा केला, सुलटा केला. संध्याकाळी भाई फिरून आले आणि ओट्यावर बसून मोजे काढू लागले, तेव्हा तिचं लक्ष त्यांच्या पायाकडे गेलं. वर इलॅस्टिक होतं तिथे लाल वळ उठलेला. खाली पावलावर मोजा तितकाच घट्ट बसलेला, पण वळ नाही. तिने मोजा हातात घेतला. पावलाच्या निम्म्याने तरी अरुंद. अंगापेक्षा कमी आहे म्हणूनच तो बसतो, आणि सगळीकडून सारखा धरतो म्हणून टोचत नाही.

"धुवूचो आसा तो," भाई म्हणाले.

"माका ठावक आसा," मावशी म्हणाली, आणि मोजा ताणून टेपने मोजू लागली.

म्हणजे या कापडाला माया सोडायची नसते. उलट अंगातून वजा करायची. पण वजा करायची कशातून? मापाचा परकर शिवला होता त्याच्या आधीच्या परकरावरून, तो त्याच्या आधीच्यावरून, आणि असं मागे मागे जात शहाऐंशी सालच्या, पाटी न उतरवता काखेतून पुढे केलेल्या त्या परकरापर्यंत. इतकी वर्षं मावशी काशीबाईचं नव्हे, परकराचं माप घेत आली होती.

दुसऱ्या दिवशी ती टेप घेऊन गेली.

"मापाचो परकर दिलंय मां तुका?" काशीबाई म्हणाली.

"तो आताचो नाय काकी. तो तुझ्या तरुणपणातलो. टेप लावूक होयो."

"चाळीस वर्षांत नाय लावलंस, आता कित्याक?"

"आता नाडी नाय म्हणान."

काशीबाईने सलोनीला चहा ठेवायला पिटाळलं, दार लोटून घेतलं, आणि भिंतीकडे तोंड करून गाऊन वर घेतला.

मावशी गुडघ्यांवर बसली. काळा पट्टा करंगळीएवढा रुंद होता, सबंध कमरेभोवती, आखून काढल्यासारखा. जखम भरली होती तिथे कातडी गुलाबी आणि चकचकीत. तेवढाच भाग खोल, डावीकडे. नाडीचं तोंड मावशी नेहमी डावीकडे ठेवते. वालावलच्या बाईंनी तसं शिकवलं होतं. का, ते तिने कधी विचारलं नव्हतं. गाठ तिथे येते. दरवर्षी दोन परकर, आणि रोज पहाटे तीच गाठ त्याच जागी.

मावशीचा टेप हातातच राहिला.

"काय बघतंस?" काशीबाई भिंतीला म्हणाली. "तुझाच काम ता. बरा टिकला."

"काकी, दुखाक लागल्यावर सांगूचा तरी."

"काय सांगतलंय? नाडी सैल कर म्हणान? नि मगे साडी कोण धरतलो, तुझो भाई?"

मावशीने नाक ओढलं आणि टेप लावला. काळ्या पट्ट्याच्या खाली, कमरेच्या हाडांवर. उभ्याने चौतीस. मग तिला पाटावर बसवलं, बाजारात बसते तशी, एक गुडघा उभा करून, आणि परत मोजलं. बसून सदतीस. मापाचा परकर बेचाळीसचा होता. मधली सगळी चुणी वर्षानुवर्षं नाडीवर गोळा होऊन कमरेत रुतत होती, आणि ते कुणाला दिसायचं कारण नव्हतं.

"केवढी बारीक झालंस गो तू."

"मी पयल्यापासून बारीकच," काशीबाई गाऊन खाली सोडत म्हणाली. "बाजारात बसलंय की मोठी दिसतंय."

परकराचा वरचा पट्टा तीस इंचाचा कापायचा, असं मावशीने घरी येऊन ठरवलं. उभ्या अंगापेक्षा चार इंच कमी. खडूची रेघ मारली. कात्री रेघेवर ठेवली आणि उचलली. परत ठेवली. आजवर तिने कुठल्याही बाईला तिच्या अंगापेक्षा कमी कापड दिलेलं नव्हतं. कापडवाल्याने कमी दिलं तर ती त्याच्या दुकानात जाऊन भांडली होती. शेवटी तिने बाजूला पडलेला भाईंचा मोजा एकदा ताणून बघितला, आणि कापलं. माया न सोडता, शिवणीपुरतं अर्धं बोट धरून. कापड आडवं ताणतं की उभं, हेही या वेळी आधी ओढून बघितलं. खाली कळ्या ठेवल्या, पण मोजून चारच, गुडघ्यापासून खाली सुटलेल्या, म्हणजे मांडी घातली तरी कापड उरेल.

मग मशीन रुसलं. साध्या सुईने टाके सुटायला लागले, म्हणून मशीन दुरुस्त करणाऱ्याकडून बोथट टोकाची सुई आणली. शिवण दिसायला सुरेख आली, पण ओढून बघितली तर दोरा तटातट तुटला. कापड ताणतं, दोरा ताणत नाही. मावशीने सगळं उसवलं. मशीनचा दाब सैल केला, आणि कापड पुढून-मागून दोन्ही हातांनी ताणून धरत, इकडून तिकडे किंचित हलवत, नागमोडी टाका घालत गेली. काळं जुनं मशीन, त्याला सरळ रेघ सोडून काही येत नाही. वाकडी रेघ तिने हाताने काढली. साठीच्या पुढच्या बाईला हे सोपं नाही. मधे दोनदा तिने मशीनला वालावलच्या बाईंची शिवी दिली.

बाजाराच्या आदल्या दिवशी काशीबाईने परकर घातला. घातला म्हणजे पायांतून वर ओढला, मोज्यासारखाच. मग सवयीने तिचे दोन्ही हात डाव्या कुशीवर गेले आणि नाडी शोधत राहिले.

"बांधूचा खंय?"

"बांधूचा नाय."

"मगे तो रवता कशाक धरून?"

"तुकाच धरून रवता."

काशीबाईला हे पटलं नाही. सलोनीने निऱ्या करून पट्ट्यात खोचल्या. काशीबाई निऱ्यांवर हात दाबून, पाण्यात उतरल्यासारखी पावलं टाकत खोलीभर फिरली. पाटावर बसली. उठली. हात काढून बसली. उठून खाटेखालची रिकामी पाटी डोक्यावर घेतली, खाली ठेवली, परत घेतली. साडी होती तिथेच होती. दहा-बारा उठाबशा झाल्यावर ती दमून पाटावरच बसून राहिली आणि पट्ट्यात बोट घालून बघू लागली.

"खंयच टोचणा नाय," ती म्हणाली. तक्रार केल्यासारखी.

सकाळी मावशीने दुकान उघडलं नाही. काशीबाई सलोनीच्या मागे स्कूटरवर बसून बाजारात आली, डाळिंबी साडी नेसून. पिंपळाखालच्या पायरीवर बादल्यांची उतरंड लागली होती. बादलीवाल्याने तिला बघितलं, आणि त्याचा चेहरा मास्तर वर्गात आल्यासारखा झाला.

"आजी, बरी झालंस? माका वाटलेला..."

"काय वाटलेला ता मगे सांग. आधी उचल."

त्याने बादल्या उचलल्या. मगांची रास तेवढी राहू दिली, इंचभर तरी जागा अडावी म्हणून. काशीबाई कमरेत वाकली आणि दोन्ही हातांनी मगांची रास त्याच्या बाजूला लोटली. समोर कापडवाल्याच्या पायरीवर उभ्या असलेल्या मावशीने स्वतःच्याच निऱ्या मुठीत धरल्या. काशीबाई सरळ झाली, पाट ठेवला, एक गुडघा उभा करून बसली. सलोनीने सोलां ओतली, बाटल्या मांडल्या. लगेच दोन बायका थांबल्या, खंय होतंस गो, आजारी होतंस काय, म्हणून विचारपूस झाली. "गावाक गेल्लंय," काशीबाईने ठोकून दिलं, आणि तिरफळांचा भाव सांगितला.

मावशी समोरून हळूहळू जवळ आली. पायरी सोडून वाटेत उभी राहिली, मग आणखी दोन पावलं, डोळे काशीबाईच्या निऱ्यांवर. तासभर झाला. काशीबाई चार वेळा उठली, एकदा तर बादलीवाल्याच्या पोराला ओरडायला पार रस्त्यापर्यंत जाऊन आली. मावशी हलली नाही. उन्हं चढली, बाजार भरला, लोक तिला वळसा घालून जायला लागले.

शेवटी काशीबाईनेच मान वर केली.

"सुगंधा, घराक जा गो बाय. तू अशी मधी उभी रवलंस तर लोकांका सोलां दिसणत नाय."